मोक्ष १ वाजून २६ मिनिटांनी

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बरीच माणसं जमली होती. गणपती आदल्या दिवशी गेलेले, जिन्याच्या पायऱ्यांवर अजून गुलाल, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार असूनही झोपायची कुणाला घाई नाही. ढग येऊन-जाऊन होते. दहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना चंद्राच्या कडेला पहिला काळिमा लागला आणि अकराच्या सुमाराला अख्खा चंद्र न घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखा दिसायला लागला. पाण्याच्या टाकीला टेकून आम्ही आळीपाळीने दुर्बिणीतून बघत होतो. पोरांना तो लाल रंग कुठून आला याचं भारी कुतूहल. पृथ्वीच्या हवेतून वाकून गेलेला उजेड आहे तो, या क्षणी जगात जिथे जिथे उजाडतंय आणि मावळतंय तिथला सगळा, असं सांगितल्यावर एक मुलगा बराच वेळ दुर्बीण सोडायलाच तयार होईना.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्याच्या दारापर्यंत आल्या. गच्चीवर पाऊल टाकलं नाही. त्यांच्या सुनेला सहावा महिना, ती खाली पडदे ओढून बसलेली. “मोक्ष नक्की किती वाजता गं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “१ वाजून २६ मिनिटांनी सावली सुटेल.” “पंचांगातही तेच दिलंय,” काकू समाधानाने म्हणाल्या, परीक्षा माझी होती आणि मी पास झाले होते. मग त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. व्हिडिओ कॉलवर सून. “ताई, जरा वर धरा ना, मला नुसता ढगच दिसतोय.” मी फोन दुर्बिणीला लावून धरला आणि तिने खिडकी न उघडता ग्रहण पाहिलं. फोनवरून बघितलेलं चालतं, असा निकाल काकूंनी संध्याकाळीच देऊन टाकला होता.

काकू अडाणी नव्हेत. तालुक्याच्या शाळेत त्यांनी नोकरीभर भूगोल शिकवला. वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, एका पोराच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात चेंडू, तिसऱ्याच्या हातात लिंबू, आणि लिंबू चेंडूच्या सावलीत शिरलं की वर्गाने ओरडायचं, ‘ग्रहण!’ हे त्यांनीच मला पूर्वी कधीतरी रंगवून सांगितलेलं. मी तोंडाने काही बोलले नव्हते, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. फोन परत घेताना त्या म्हणाल्या, “ते शाळेतलं, गं. हे घरातलं.”

हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्यात चिडचिड नव्हती, ओशाळलेपणही नव्हतं. दोन कपाटं असावीत आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची हे ठाऊक असावं, इतकी सहजता होती. आपल्या पुस्तकांत विज्ञानाचा इतिहास तारखांनी येतो: १५४३ ला कोपर्निकसचा ग्रंथ, १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला दिसलेले गुरूचे चंद्र, १६३३ चा खटला. शोध, विरोध, विजय. या रांगेत काकूंना उभं करायला जागाच नाही, कारण त्या विरोधात नाहीतच. त्यांना पृथ्वी गोल मान्य, सावली मान्य, मिनिटंही मान्य. काकूंचा पूर्वज शोधायला रोमला जाण्यात अर्थ नाही. राजस्थानातल्या भिनमाळला जायला हवं.

तिथल्या ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ग्रंथ लिहिला. ग्रहणाचं गणित त्याने सावलीवरूनच केलं, आर्यभटाने ४९९ मध्ये सांगून ठेवलं होतं तसंच: चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तेव्हा चंद्रग्रहण, चंद्र सूर्याच्या आड येतो तेव्हा सूर्यग्रहण. सावलीची लांबी किती, चंद्राच्या वाटेवर ती किती रुंद, कधी शिरणार, कधी सुटणार, सगळं. आणि तोच माणूस त्याच ग्रंथात, राहू ग्रासतो हे न मानणाऱ्यांना फटकारतो. हे वेदांच्या, स्मृतींच्या आणि लोकांच्या समजुतीच्या विरुद्ध आहे म्हणतो. चारशे वर्षांनी, १०३० च्या आसपास, मध्य आशियातून आलेल्या अल-बिरुनी या विद्वानाच्या वाचनात हे आलं आणि तो चक्रावला. एवढा तल्लख गणिती, लिहिताना जेमतेम तीस वर्षांचा, आणि हे असं का लिहितो? सॉक्रेटिसवर आला तसा काही प्रसंग याच्यावर आला असावा, म्हणून हा मनाविरुद्ध बोलला, असा तर्क अल-बिरुनीने केला. मला अल-बिरुनी आवडतो, पण इथे त्याचं पटत नाही. त्याला भीतीशिवाय दुसरं कारण सुचलं नाही, कारण त्याला काकू भेटल्या नव्हत्या. ब्रह्मगुप्त घाबरलेला नसेलही. कदाचित ते पाटीवरचं आणि हे घरातलं, एवढंच असेल. वराहमिहिराने तर त्याच्याही आधी तोडगा काढून ठेवला होता: ग्रहण सावलीनेच होतं, पण त्या वेळच्या दानात आणि होमात वाटा मिळेल असा वर ब्रह्मदेवाने राहूला दिलाय, म्हणून तो तेव्हा तिथे हजर असतो. हे वाचताना मला हसू येतं आणि थोडं कौतुकही वाटतं. गणिताला धक्का नाही, दानालाही नाही.

दानावरून आठवलं. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला १२०७ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने दान दिलं, त्याचा हा लेख. पाटणादेवीच्या त्या डोंगरकुशीत पावसाळ्यात गेलात तर धबधब्यांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ज्या ठाम आवाजात पृथ्वीची गोष्ट सांगितली तो आवाज मला तिथे फार जवळचा वाटला होता. पृथ्वीला कुणीतरी धरलंय म्हणता, मग त्या धरणाऱ्याला कोणी धरलंय? त्याला आणखी कुणी? शेवटच्याला स्वतःच्या बळावर उभं राहता येत असेल, तर पहिलीलाच ते बळ का देत नाही? पृथ्वी सपाट का दिसते, तर वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा तुकडा सपाटच दिसतो, आणि माणूस तर पृथ्वीपुढे अगदीच चिमुकला. ४९६७ योजनं परिघ, असा आकडाही दिलाय. शेषनाग, दिग्गज, कासव, सगळ्यांची अशी शांतपणे रजा मंजूर केलेली.

आणि हे शिकवणाऱ्या मठाला दान मिळालं ते श्रावणातल्या पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी. ग्रहणात दिलेल्या दानाचं पुण्य मोठं! लेखाचा मुख्य भाग संस्कृत, शेवटच्या काही ओळी मात्र मराठीत आहेत, आणि त्यांत मठाला कुणी काय द्यायचं ते लिहिलंय. घाणे चालवणाऱ्यांनी तेल द्यायचं. ज्यांच्या घाण्यातून ते तेल यायचं त्यांना त्या मठात पृथ्वी गोल असल्याचं कुणी सांगितलं असेल का, हा प्रश्न मी तिथे उभी असताना मला सुचला नव्हता. काकूंच्या वाक्यानंतर सुचला. विद्या संस्कृतात आणि वर्गणी मराठीत, ही व्यवस्था पुढे सहाशे वर्षं तरी कुणाला खटकली नाही.

खटकली ती एका परक्या माणसाला, आणि तीही त्याच्या कामाच्या सोयीसाठी. लॅन्सलॉट विल्किन्सन हा कंपनी सरकारचा भोपाळचा पोलिटिकल एजंट, मुक्काम सीहोर. तिथल्या पाठशाळेत त्याने पाहिलं की पंडितांना युरोपचं ज्योतिष थेट सांगितलं तर ते हात झटकतात, पण भास्कराचार्यांकडून नेलं तर अर्धी वाट आपणच चालतात. पुराणातली पृथ्वी सपाट, मधोमध मेरू, भोवती उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्यादुधाचे समुद्र. ती आधी सिद्धांतांनी, म्हणजे भास्कराचार्यांसारख्यांच्या गणिती ज्योतिषग्रंथांनी खोडायची, मग सिद्धांतांच्या पुढची पायरी म्हणून कोपर्निकस. १८३४ मध्ये त्याने ही योजना मांडली. त्याच्या पाठशाळेतले सुबाजी बापू हे मराठी शास्त्री या वाटेने असे काही गेले की, विल्किन्सन लिहितो, आपलं आयुष्य भलत्या कल्पनांची तरफदारी करण्यात गेलं म्हणून ते हळहळले, आणि माहीत असलेलं सत्य झाकून ठेवणाऱ्या पूर्वजांवर संतापले. १८३६ मध्ये त्यांनी मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहिला. पुराणांचं मत, सिद्धांतांचं मत, कोपर्निकसचं मत, तिन्ही समोरासमोर ठेवून.

हे साल मला फार आवडतं. कोपर्निकस आणि गॅलिलिओ यांचे ग्रंथ रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून वगळले गेले ते १८३५ मध्ये. पृथ्वी फिरते म्हणून जवळचा तारा वर्षभरात किंचित सरकलेला दिसला पाहिजे, हा सरकण्याचा कोन बेसेल या जर्मन खगोलज्ञाने मोजून दाखवला १८३८ मध्ये. या दोहोंच्या मधे, सीहोरसारख्या ठिकाणी, फिरणारी पृथ्वी मराठीत उतरली. आपण जगाच्या दोनशे वर्षं मागे होतो असं धरून चालायची आपल्याला सवय आहे. निदान या बाबतीत पोपच्या कारकुनांच्या आपण एकच वर्ष मागे होतो.

अर्थात पुण्याहून उत्तर आलंच. यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे हे मोठे ज्योतिषी, त्यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहिला. नावातच सगळं आलं: पुराण आणि सिद्धांत यांच्यात विरोध नाहीच मुळी. इतक्या विद्वान माणसाने एवढे कष्ट घेऊन जे सिद्ध केलं ते काकूंनी जिन्याच्या दारात चार शब्दांत सांगितलं. मला रोड्यांचा राग यायला हवा, पण येत नाही. दोन्ही ग्रंथांवर जीव असलेला माणूस भांडणाऱ्या दोन मुलांच्या बापासारखा वागणार, त्याला काय करणार? राग येतो तो सुबाजी बापूंचा, आणि तो यावा हेच मला टोचतं.

कारण पुढची गोष्ट अशी. वज्रसूची नावाचं एक जुनं संस्कृत प्रकरण आहे, अश्वघोष या बौद्ध कवीच्या नावावर सांगितलं जातं. जन्माने कुणी ब्राह्मण ठरत नाही हे त्यात एकेक मुद्दा घेऊन दाखवलंय. सतराव्या शतकात तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी ते मराठी अभंगांत आणलं होतं. १८३९ मध्ये विल्किन्सनने ते छापलं, आणि त्याच पुस्तकाला जोडून त्याचं खंडनही छापलं. ‘टंक’ नावाचं. जातिव्यवस्थेची बाजू घेणारं. लेखक सुबाजी बापू. पृथ्वी अधांतरी आहे, गोल आहे, सूर्याभोवती फिरते, एवढं सगळं ज्याने तीन वर्षांपूर्वी छापील मराठीत मांडलं, पूर्वजांवर ज्याचा संताप झाला, तो या एका जागी पूर्वजांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पृथ्वी हलली तरी चाललं त्याला. पंगत हललेली चालली नाही.

मग मला वाटायला लागतं की आकाशाबद्दलचे शोध आपल्याकडे इतक्या सहज का पचले याचं उत्तर इथेच आहे. त्यांनी कुणाचं काही जात नव्हतं. उलट फायदाच झाला. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये केलेल्या ‘ग्रहलाघवा’वर महाराष्ट्राची पंचांगं तीनशेहून जास्त वर्षं चालली होती. कोनांच्या किचकट कोष्टकांशिवाय ग्रह काढता येतात म्हणून ज्योतिषी त्याच्यावर खूश. पण लहान चुका साठत जातात आणि ग्रहण हा असा प्रसंग की चूक गावाला दिसते. भटजींनी सांगितलेल्या वेळी चंद्र स्वच्छ, आणि सगळे नाहून मोकळे झाल्यावर त्याला काळिमा लागलेला. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेल्या केरूनाना छत्र्यांनी १८६० मध्ये युरोपीय ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली, त्यावरून नवं पंचांग निघालं, पुढे त्यांचे विद्यार्थी टिळक या दृक्प्रत्ययाच्या, म्हणजे गणित आकाशात दिसतं त्याच्याशी जुळलं पाहिजे या बाजूने उभे राहिले. वाद पुष्कळ झाले, एकाच गावात दोन पंचांगांप्रमाणे सण पडले. आज सूक्ष्म गणित बहुतेक सगळीकडे आहे. न्यूटन, केप्लर, सगळे राबतात आणि त्यातून निघतं काय, तर वेध कधी लागणार. गरोदर आणि आजारी माणसांना वेध थोडे उशिरा लागतील, ही सवलतही मिनिटांसकट.

आमच्या सांगलीच्या घरी १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण मला आठवतं. खग्रासचा पट्टा दक्षिणेला कारवार-अंकोल्याकडून गेला, पण आमच्याकडेही सूर्याची बारीक कोरच उरली होती. वडील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी चिमणीवर धरून काच काळी केली होती, अंगणात मला कडेवर घेऊन ते ती डोळ्यांपुढे धरत. (आता कळतं की तसली काच धोक्याची, तेव्हा सगळे तेच करत.) लिंबाच्या झाडाखाली जमिनीवर पानांतून पडलेल्या उजेडाचे शेकडो चंद्रकोर. ऊन असून थंडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि आत, माजघरात, खिडकीला घोंगडी लावून, माझी आई सकाळपासून उताणी पडलेली. माझा धाकटा भाऊ पोटात होता. हातपाय मुडपायचे नाहीत, चिरायचं नाही, शिवायचं नाही, अशी आजीची सक्त ताकीद. अंगणात कोपर्निकस, माजघरात राहू, मध्ये फक्त एक उंबरा. तो वडिलांनी त्या दिवशी कितीदा तरी ओलांडला आणि कुठल्याच बाजूला काही बोलले नाहीत.

ग्रहण सुटता सुटता गल्लीत हाक आली, ‘दे दान, सुटे गिराण.’ गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं. आजीने जुनं लुगडं आणि सुपातले जोंधळे तयारच ठेवले होते. तिने ते वरून, हात लागणार नाही असे, त्यांच्या पदरात सोडले. मग ती नाहायला गेली. राहूची पीडा त्या माणसांनी घेऊन जायची आणि मोबदल्यात जोंधळे घ्यायचे. सावलीचं गणित माझ्या वडिलांना येत होतं. या देवघेवीत त्यांनी कधी तोंड घातलं नाही.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं त्यात नेमकी एक गरोदर बाई आहे. कुणबी घरातली. जोशी दारात येतो, पोटातल्या पोराला ग्रह वाईट आहेत म्हणून घाबरवतो, आणि मग अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, त्यासाठी नवऱ्याने काढायचं कर्ज, असं एकातून एक निघत जातं. विदूषक मधे मधे प्रेक्षकांना डोळा घालतो, एक पाद्री येऊन वाद घालतो, शेवटी नवरा-बायको फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. सात वर्षांपूर्वीच पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली होती. सुबाजी बापूंनी ग्रह कसे फिरतात ते लिहिलं, केरूनानांनी ते कुठे असतील ते काढलं. जोतीरावांनी विचारलं, त्यांच्या नावावर पैसे कोण घेतं आणि कोण देतं. माझ्या लेखी कोपर्निकस महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने पोचला तो इथे. मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने नाटक नाकारलं. ते छापून आलं थेट १९७९ मध्ये, आमच्या सांगलीच्या ग्रहणाच्या आदल्या वर्षी.

परवा मी हे नाटक आईला वाचून दाखवलं. ती आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, ऐकू जरा कमी येतं, त्यामुळे जोशाची भाषणं मला चढ्या आवाजात म्हणावी लागली आणि ती पोट धरून हसली. मग मी ते विचारलं जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. बाबा बाहेर मला सूर्य दाखवत होते आणि तुला आत दिवसभर पाडून ठेवलं होतं, तुला राग नाही आला? बाबांचा तरी?

“राग कसला?” आई म्हणाली. “अकरा माणसांचं घर. नऊ महिन्यांत तो एकच दिवस मला कुणी चुलीपुढे उभं केलं नाही. तुझ्या आजीने स्वतः भाकऱ्या थापल्या. रात्री मी तुझ्या बाबांना विचारलंसुद्धा, पुढचं कधी आहे म्हणून.”